दोन अक्षरं जास्तीची

मी दंडावर बांधायची पट्टी बोलतेय. आवाज दबका येत असेल तर सांभाळून घ्या. माझ्या अंगावर एकशे चौदा कागद आहेत, आणि खाली किती आहेत ते मोजणं मी केव्हाच सोडून दिलंय.

तुमच्या भाषेत दंड म्हणजे बाहू आणि दंड म्हणजे शिक्षाही. मला हे फार पटतं. एका दंडावर चढले आणि दुसऱ्या दंडात अडकले, एवढंच माझं चरित्र. पण एवढ्यावर उठू नका. इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकणारं भेटलंय, तर जरा बसा.

आमच्या इथल्या भाषेतही असाच एक दुहेरी शब्द आहे, ऑर्डनर. मोर्चात लोकांना ओळीत ठेवणारा, ‘चला पुढं, रस्ता मोकळा ठेवा’ म्हणत फिरणारा स्वयंसेवक, तो ऑर्डनर. आणि सरकारी कपाटातली लोखंडी कड्यांची जाडजूड फाईल, तीही ऑर्डनर. पहिल्याची खूण म्हणून मी जन्मले आणि दुसरीच्या पोटात राहते. ज्या कारकुनानं मला फाईलीत घातलं, तो हे लक्षात येऊन इतका हसला की त्याला खोकला लागला. हसू दे बापडा. त्याला संध्याकाळी घरी जायचं होतं, मला नव्हतं.

पट्टी होण्याआधी मी चादर होते. होलरस्टेड हे आमचं उत्तरेकडचं नदीकाठचं गाव. तिथल्या दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर बाळंतपणं व्हायची, आणि मी तिथल्या एका खाटेवर असायचे. माझ्यावर किती पोरं जन्मली ते विचारू नका. उकळत्या पाण्यात धुऊन धुऊन मी विरले, मधोमध फाटले, आणि चिंध्यांच्या पेटीत जाऊन पडले.

तिथून मला ओटिली फॉसनं उचललं. ओटिली दवाखान्याच्या कपड्यांच्या खोलीत एकोणतीस वर्षं शिवणकाम करत होती. बुटकी, जाड भिंगांचा चष्मा, आणि तोंड कात्रीपेक्षा धारदार. तिची मैत्रीण गेझिना तेब्बन ही त्याच मजल्यावरची थोरली सुईण. चारच महिन्यांपूर्वी निवृत्त झालेली. उंच, हाडापेरानं मोठी बाई. दोघींची चाळीस वर्षांची मैत्री, आणि भांडणंही तेवढीच जुनी.

तर त्या वर्षी दवाखान्याच्या मालकांनी ठरवलं, की हा दुसरा मजला बंद करायचा. इथं बाळंतपणं परवडत नाहीत. ज्यांना पोरं व्हायची असतील त्यांनी पन्नास किलोमीटर लांब मोठ्या शहरात जावं. गेझिना म्हणाली, मोर्चा काढू.

आता आमच्याकडं मोर्चा म्हणजे असं नाही की मनात आलं आणि निघाले. आधी कचेरीत जाऊन कळवायचं, आणि एका माणसानं नेता म्हणून सही करायची. पुढं जे काही चुकेल ते त्या सहीच्या मानेवर. लोक मोर्चात यायला तयार होते, सही करायला गेझिनाशिवाय कुणी पुढं आलं नाही.

कचेरीतून आली ती थेट कपड्यांच्या खोलीत. ओटिली तेव्हा माझ्या कापडातून पट्ट्या कापत होती, म्हणून सगळं मी या कानांनी ऐकलं.

“बारा हव्यात,” गेझिना म्हणाली. “मी एकशे वीस लोक सांगितले. दर दहा माणसांमागं एक ऑर्डनर, असं लिहून दिलंय त्यांनी. वाच. फलकाची काठी अंगठ्यापेक्षा जाड नको. वाट दवाखाना ते पूल ते बाजारचौक, इकडं तिकडं नाही. पट्टी पांढरी. आणि पट्टीवर एकच शब्द, ऑर्डनर. दुसरं काही लिहायचं नाही. फूल नाही, बाळाचं चित्र नाही, काही नाही.”

“आणि शिंक आली तर कुठं द्यायची, ते लिहिलंय का?” ओटिलीनं विचारलं.

अकरा पट्ट्यांवर तिनं निळ्या दोऱ्यानं मुकाट्यानं तो शब्द भरला. इथल्या लिपीत सहा अक्षरं होतात. बारावी मी, तिनं स्वतःसाठी ठेवलेली. सहा अक्षरं झाली, तिनं सुई थांबवली, चष्मा वर केला, आणि आणखी दोन अक्षरं घातली. ऑर्डनरिन. तुमच्याकडं माळ्याची माळीण होते ना, तसंच. ऑर्डनर बाई असली की ऑर्डनरिन.

खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. चादरीला कुणी नाव देत नाही. मला नाव मिळालं, तेही माझ्या जातीचं.

मोर्चाच्या सकाळी गेझिनानं मला ओटिलीच्या बाहीवर पाहिलं. “एकच शब्द म्हणाले होते मी.”

“एकच आहे,” ओटिली म्हणाली. “मोजून बघ. एकोणतीस वर्षं या दवाखान्यात मला सगळे ‘शिवणवाला विभाग’ म्हणून हाक मारतात. आज मी बाई म्हणून चालणार आहे.”

गेझिना हसली. चांगली खळखळून हसली. ते हसणं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मार्च महिना होता, वारा नदीवरून थेट हाडांत शिरत होता. लोक एकशे वीस म्हणता म्हणता जमले तेवढेच. लेकुरवाळ्या बाया, दोन शिक्षक, पाववाला, आणि नावाडी ओन्केन आजोबा, ज्यांची चारही नातवंडं दुसऱ्या मजल्यावर जन्मली होती. ओटिली कडेनं चालत होती आणि सगळ्यांना ओरडत होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

पुलाच्या मध्यावर आम्हाला थांबवलं. बंदोबस्ताला आमच्या गावचे पाचसहा पोलीस होते, पण बाकी तुकडी मोठ्या शहरातून आलेली, आणि हुकूम तिच्या म्होरक्याचा. त्यानं पट्ट्या मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“अकरा आहेत,” तो गेझिनाला म्हणाला.

“बारा आहेत. ही बघा.”

त्यानं माझ्याजवळ वाकून वाचलं. “कायद्यात ऑर्डनर म्हटलंय. हे ऑर्डनरिन आहे.”

“बाई आहे ती!”

“मला दिसतंय. कायद्याला दिसत नाही.”

ओटिलीनं माझ्या शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवलं. “हे घ्या. आता वाचा. मी बाजारचौकापर्यंत बोट काढत नाही.”

“पुराव्याला हात लावू नका,” तो म्हणाला.

त्या क्षणी मी पट्टीचा पुरावा झाले. तोवर मला वाटत होतं, मी कापड आहे.

अट मोडली, मोर्चा अटींप्रमाणे नाही, प्रत्येकाचं नाव-गाव लिहून घेईपर्यंत कुणी हलायचं नाही, असा हुकूम सुटला. पुलाची दोन्ही टोकं पोलिसांनी बंद केली. पुढं तीन रांगा, मागं तीन रांगा, दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली नदी. नावं लिहायला माणसं दोन, आणि लिहायची एकशे वीस. पहिला तासभर लोक गाणी म्हणत होते. दुसऱ्या तासाला मुलं रडायला लागली. मी ओटिलीच्या दंडाला घट्ट होते, तिची शीर उडताना मला कळत होती.

“तो पहिल्या रांगेतला, लाल कानांचा,” गेझिना तिच्या कानाशी लागून म्हणाली, “क्लाझनांचा हार्म. मीच काढलाय बाहेर. पायाळू होता, अकरा तास रडवलं आम्हाला.”

“अजून रडवतोच आहे,” ओटिली म्हणाली.

तेवढ्यात ओन्केन आजोबा कठड्याला टेकले आणि हळूहळू खाली बसले. घाम फुटलेला, बोलणं अडखळलेलं. मधुमेह होता, साखर उतरली होती. पाववाल्याच्या खिशात गोड बन होता तो भरवला, पण गेझिना म्हणाली, एवढ्यानं भागणार नाही, दवाखान्यात न्यायला हवं. नेता म्हणून तिला जागचं हलायची मनाई होती. मग ओटिली त्यांना खांद्याचा आधार देत रांगेपाशी घेऊन गेली, नेमकी हार्मच्या समोर.

“ऑर्डनरिनबाई, मागं व्हा,” तो म्हणाला. हो, त्यानं असंच म्हटलं. माझ्यावर वाचून म्हटलं.

“माणूस मरतोय, बाळा. अजून दोन रांगा आहेत तुझ्यामागं, आणि तिकडं रुग्णवाहिका उभी आहे. जाऊ दे.”

त्यानं म्होरक्याकडं पाहिलं. तो लांब, पाठमोरा. त्यानं आजोबांकडं पाहिलं. मग खिशातून पेन काढलं. “मागच्या रांगा माझं ऐकणार नाहीत, त्या शहरातल्या आहेत. काहीतरी लिहून द्यायला हवं. कागद आहे?”

कागद नव्हता. तो माझ्यावरच पेन टेकवायला लागला, तशी ओटिली चपापली. “वर नको रे, वर एकच शब्द चालतो. आधीच काय कमी झालंय?”

मग त्यानं माझी कड उचलून मला उलटी केली आणि पोटावर घाईघाईनं लिहिलं. ‘ऑर्डनरिन फॉस. रुग्णासोबत बाहेर. एकटी परत. जाऊ द्या, येऊ द्या. क्लाझन, चार चाळीस.’ पेनाचं टोक टोचत होतं, पण मला ते बरं वाटलं. दोन्ही रांगांनी मला उलटून वाचलं आणि वाट दिली. आजोबा गाडीत चढले. ओटिली, सांगितल्याप्रमाणे, एकटी परत आली. बाहेर पडलेली बाई आपल्या पायांनी पुन्हा कोंडवाड्यात शिरली. पळून जाता आलं असतं, तिच्या ते मनातही आलं नाही. गर्दीत मागं कुणाला हे दिसलं नाही, सगळ्यांना वाटलं आजोबांना पोलिसांनीच नेलं.

परतताना हार्म पांढराफटक पडला होता. “फॉसबाई, हे कुणाला सांगू नका. मुंगीसुद्धा बाहेर जाता कामा नये, असा हुकूम होता. माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही. कळलं तर संपलं.”

“नाही सांगत.”

“कुणालाच नाही. तेब्बनबाईंनासुद्धा.”

ओटिलीनं मागं गेझिनाकडं पाहिलं. “शब्द दिला,” म्हणाली.

सात वाजता आम्हाला सोडलं. म्हणजे, माणसांना सोडलं. मला म्होरक्यानं दंडावरून काढून पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, तोंड वर, पोट खाली. पावतीवर लिहिलं, ‘पट्टी, कापडी, पांढरी, नग एक, मजकूर सदोष.’ मी चपटी, म्हणून कारकुनानं मला थेट फाईलीत ओवलं. कड्या खटकन बंद झाल्या. तेव्हापासून मी पोटावर पडून होते.

फाईलीत माणसं येत नाहीत, कागद येतात. माझ्यावर पहिला कागद आला तो अहवाल. ‘ऑर्डनर अकरा.’ खाली सह्या, त्यांत एक क्लाझनची. शहरात बसून कुणीतरी लिहिलं आणि सगळ्यांपुढं सरकवलं, त्यानंही केली. मग शिक्षेचा हुकूम, आमच्याकडं किरकोळ गुन्ह्यात खटल्याआधीच येतो तसा, जो गेझिनाच्या घरी पिवळ्या पाकिटातून गेला. अट न पाळता मोर्चा नेला म्हणून ती दोषी. मग तिचा कागद, दोनच ओळींचा, की मला हे मान्य नाही, खटला चालवा.

त्यानंतरचा कागद सगळ्यांत वाईट. गेझिनानं दुसऱ्या मोर्चासाठी अर्ज केला होता. कचेरीनं कळवलं, की आपल्यावर खटला प्रलंबित असल्यानं नेता म्हणून आपली सही तूर्त चालणार नाही, दुसरं नाव सुचवावं. दुसरं नाव आलंच नाही. पाववाल्याला दुकान होतं, शिक्षकांना नोकरी होती. पुलावरचे चार तास सगळ्यांच्या लक्षात होते. कुणी मोर्चावर बंदी घातली नव्हती, फक्त सही करायला माणूस उरला नव्हता.

मला कळलं होतं, की हे सगळं सुटायची किल्ली माझ्या पोटावर आहे. पोलिसांनी स्वतः मला ओळखलं, मला वापरलं, दोन अक्षरांसकट माझं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. मग मी बारावी नाही असं कोण म्हणेल? पण ते वाचायला मला कुणीतरी उलटं करायला हवं होतं. आणि पट्टीला स्वतःची कूस बदलता येत नाही.

एकदा मात्र फाईल बाहेर गेली. गेझिनाचे वकील पोपिंगा यांनी ती पाहायला मागवली. पेपरमिंट चघळणारा, दमलेला माणूस. त्यांच्या टेबलावर फाईल उघडली आणि समोर दोघीजणी बसलेल्या. ओटिलीला पाहून मला रडूच आलं असतं. गेझिना तिच्याकडं बघत नव्हती.

“एक वाट आहे,” पोपिंगा म्हणाले. “तुम्ही सांगायचं, की मी सगळ्यांना नियमाप्रमाणे पट्ट्या दिल्या होत्या. या बाईंनी आपल्या मनानं ही दुसरी बांधली, मला माहीत नव्हतं. मग तुम्ही सुटाल. यांना किरकोळ काहीतरी होईल.”

“मग सांगा तसं,” ओटिली लगेच म्हणाली.

“मला माहीत होतं,” गेझिना म्हणाली. “मी सकाळी पाहिलं होतं. पाहून हसले होते.”

“ते कुणाला ठाऊक आहे?”

“मला.” मग ती पहिल्यांदा ओटिलीकडं वळली. “पण तुला काय गरज होती गं? दोन अक्षरं! चाळीस वर्षं मी ती खोली चालवली, एक मूल हातातून जाऊ दिलं नाही. आणि आता ती बंद होताना मी घरी बसून बघतेय, कारण तुला शिवणकामात मान हवा होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.”

पोपिंगांनी पान उलटायला हात पुढं केला. एक क्षण मला वाटलं, आता. आता उलटतील. आणि ओटिलीनं आपला तळवा माझ्यावर सपाट ठेवला.

“ही राहू द्या,” ती म्हणाली. “जुनं कापड आहे, उसवेल.”

तो तळवा मला ओळखीचा होता. त्यानंच मला कापलं, शिवलं, मिरवलं. आज तोच मला दाबून धरत होता. मी मनातल्या मनात ओरडले, अगं उलटी कर मला, एकदा उलटी कर, तुझी मैत्रीण बुडतेय. पण तिनं त्या पोराला शब्द दिला होता. एकीकडं आड, दुसरीकडं विहीर, आणि मधे ही बुटकी बाई तोंड मिटून बसलेली. मला तिचा राग आला. तिच्याइतकं शहाणं माणूस मी पाहिलं नाही, हेही मला तेव्हाच कळलं. दोन्ही खरं आहे.

“चला,” गेझिना उठली. “तू बसनं जा. मी चालत जाईन.”

मग फाईल मिटली.

सप्टेंबरच्या अखेरीला दुसरा मजला बंद झाला. हे मला एका कात्रणावरून कळलं, जे पोपिंगांनी फाईलीला जोडलं होतं. खाटा विकल्या म्हणे. माझ्या भावंड-चादरींचं काय झालं, त्याबद्दल वर्तमानपत्रात काही नव्हतं.

खटला उभा राहिला पुढच्या मे महिन्यात. मोर्चाला चौदा महिने झाल्यावर. न्यायाधीशीण होत्या लायनेवेबरबाई. या आडनावाचा अर्थ विणकर. मला तेवढाच धीर आला.

ओटिलीला आधी बोलावलं. खरं तेच सांगेन म्हणून तिनं कबूल केलं. “त्या दिवशी पोलिसांनी तुम्हाला ऑर्डनर म्हणून वागवलं का?” लायनेवेबरबाईंनी विचारलं.

ओटिलीनं चष्मा काढून पुसला.

“साधा प्रश्न आहे, फॉसबाई. हो किंवा नाही.”

“मी शिंपीण आहे,” ओटिली म्हणाली. “मला कोण काय समजतं हे मी विचारत बसत नाही.”

लायनेवेबरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं आणि मागं जाऊन बसायला सांगितलं. गेझिनानं मान फिरवली. ती एकटीच होती तिथं, वकील असूनही.

मग हार्म क्लाझन आला. दरम्यान त्याची नोकरी पक्की झाली होती, गणवेश नवा होता. कान तसेच लाल. त्यानं सांगितलं, अहवालाप्रमाणे अकरा. लायनेवेबरबाईंनी फाईलीच्या कड्या उघडल्या आणि मला पाकिटासकट वर धरलं. चौदा महिन्यांत मी पहिल्यांदा उभी राहिले. खिडकीतलं ऊन दिसलं.

“ही बारावी. ही तुम्ही पाहिली होती?”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग मागच्या बाकावर. ओटिलीनं अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही अशी, नकारार्थी मान हलवली. नको बोलूस, सांगत होती ती. मी गप्प आहे, तूही राहा.

तुमच्याकडं म्हणतात ना, पायाळू माणसाला पुरलेलं दिसतं? त्याला तर नुसतं आठवायचं होतं. त्यानं गेझिनाकडं पाहिलं, जिच्या हातात तो उलटा आला होता. गेझिना त्याच्याकडं रागानंही बघत नव्हती, नुसती थकून बघत होती.

“ती उलटी करा, बाई,” हार्म म्हणाला. “कृपा करून उलटी करा.”

लायनेवेबरबाईंनी मला पाकिटातून काढलं. त्यांची बोटं कोरडी आणि गार होती. त्यांनी माझं पोट वाचलं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ‘ऑर्डनरिन फॉस’ म्हणताना त्या जराही अडखळल्या नाहीत.

“अक्षर कुणाचं?”

“माझं. सही पण माझी. आणि अहवालावरची सहीही माझीच.”

सरकारी वकील कागद चाळायला लागला, त्या कागदांत काही नव्हतं.

दुपारी निकाल झाला. लायनेवेबरबाई म्हणाल्या, “पट्टी कशासाठी, तर पोलिसांना माणूस ओळखू यावा म्हणून. पोलिसांनी ओळखला, त्याच्याकडून काम करून घेतलं. पट्टीवर एकाहून जास्त शब्द नसावा असा नियम आहे. बाईंनी एकच लिहिला. उरलेले तेरा पोलिसांनी लिहिले.” गेझिना तेब्बन निर्दोष.

म्हणजे वरातीमागून घोडं. दुसरा मजला बंद होऊन आठ महिने झाले होते. मला वाटलं होतं, सुटका झाली की माणसं टाळ्या वाजवतात. कुणी वाजवल्या नाहीत.

लोक निघाले तेव्हा गेझिना टेबलापाशी आली. मी अजून पाकिटाबाहेर होते. तिनं हात न लावता वाकून माझं पोट वाचलं, दोनदा. ओटिली दाराशी कोटाची बटणं लावत होती.

“चौदा महिने?” गेझिना तिला म्हणाली.

“शब्द दिला होता.”

“मी तुला काय काय बोलले त्या वकिलाकडं.”

“बोललीस. आणि नंतर नाताळात दार उघडलं नाहीस, तेही आहे.”

“मला सांगितलं असतंस तर—”

“तर तू ते कोर्टात सांगितलं असतंस का? पोराची नोकरी घालवून?”

गेझिनानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. “नसतं सांगितलं,” म्हणाली, आणि तिथंच खुर्चीवर बसून रडायला लागली. मोठी बाई ती, रडायची सवय नसलेली, तिला ते नीट येतही नव्हतं. ओटिलीनं पिशवीतून रुमाल काढून दिला. तोही बहुतेक माझ्याच नात्यातला असावा.

“पट्टी घेऊन जाऊ का?” ओटिलीनं कारकुनाला विचारलं.

“नाही जमणार. ती आता कागदपत्रांचा भाग आहे. आणि आधी एका बाजूनं होती, आता दोन्ही बाजूंनी आहे.”

पाकीट, कड्या, खटका. या वेळी त्यानं मला पोट वर करून घातलं. एवढीच काय ती माझी प्रगती. मग तळघर.

त्यानंतरचं मी वरून येणाऱ्या कागदांतून सांगते. हार्मची चौकशी झाली, त्याची प्रत इथं जोडलीय. नोकरी गेली नाही, पण त्याला रस्त्यावरून काढून हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या टेबलावर बसवलं. ओटिलीचा अर्ज दर वर्षी येतो, माझी पट्टी परत द्या म्हणून, आणि दर वर्षी उत्तर जातं, नियमात बसत नाही म्हणून. परवा तळघरात कुणीतरी बोलताना ऐकलं, की शेजारच्या प्रांतात कायदा नवा केलाय आणि त्यात पट्टीवर दोन्ही शब्द चालतात असं स्पष्ट लिहिलंय. आमच्याकडं अजून नाही. माझ्या फाईलीच्या पाठीवर एक तारीख आहे, त्या दिवशी हे सगळं कापून भुगा करायचंय.

शेवटचा अर्ज गेल्या महिन्यात आला, सगळ्यांत वरचा कागद तोच. ओटिलीचं अक्षर आता वाकडं झालंय. लिहिते, ‘महोदय, मोठ्या शहराकडं जाणाऱ्या बायकांना वाटेत गाडीत मुलं होतात. आम्ही पुन्हा मोर्चा काढतोय. गेझिना तेब्बननं सही केली आहे आणि कचेरीनं ती घेतली आहे. बारा पट्ट्या हव्यात, माझ्याकडं अकरा आहेत. बारावी तुमच्याकडं आहे.’

उत्तराची प्रत खाली टाचलीय. ‘विनंती अमान्य. कृपया नवीन शिवावी.’

म्हणजे शिवली असणार. तिचं शिवण कधी अडलेलं नाही. पण नव्या पट्टीवर तिनं किती अक्षरं घातली, सहा की आठ, ते मला माहीत नाही. इथं खाली ते कोण सांगणार? गेझिनाची सही पुन्हा पणाला लागलीय, हे ओटिलीला ठाऊक आहे. आपण काय आहोत, हेही तिला ठाऊक आहे. रात्रंदिवस मी तोच विचार करते. एकदा वाटतं सहाच घाल गं बाई, या वेळी नको. आणि लगेच वाटतं, नाही, आठ घाल.

तुम्ही बाहेर आहात. कधी होलरस्टेडच्या पुलावरून मोर्चा जाताना दिसला, तर कडेनं चालणारी, सगळ्यांना ओरडणारी एक बुटकी म्हातारी शोधा. तिच्या दंडावरची अक्षरं मोजा. आणि येऊन मला सांगा.